बार बसेल का, याचे उत्तर वजनकाट्याकडे नसते

पत्र : माझे वय 39 आहे. तीन वर्षांपूर्वी, माझे वजन 121 किलो असताना, मी मुलीला आणि भाच्यांना घेऊन अम्युझमेंट पार्कमध्ये गेले होते. तासभर रांगेत उभे राहून रोलर कोस्टरच्या आसनावर बसले, तर मांडीवरचा बार शेवटपर्यंत खाली येईना. दोन कर्मचाऱ्यांनी जोर लावून पाहिला, मागची रांग बघत राहिली, कोणीतरी हसले, आणि शेवटी मला उतरावे लागले. त्यानंतर मी एकाही पार्कमध्ये पाऊल ठेवलेले नाही. गेल्या दीड वर्षात आहार, चालणे आणि डॉक्टरांनी सुरू केलेले आठवड्याचे इंजेक्शन यांमुळे माझे वजन 84 किलोवर आले आहे. रक्तदाबाची गोळी अजून चालू आहे. मुलगी आता 11 वर्षांची आहे आणि सुट्टीत पार्कला जाण्याचा तिचा हट्ट आहे. जायचे म्हटले तरी माझ्या पोटात गोळा येतो. पोटावरची आणि मांड्यांवरची कातडी सैल झाली आहे. ती बारखाली चिमटली जाईल का, हीही भीती आहे. धाकटा भाऊ सोबत येणार आहे. तो उंच आहे आणि त्याचे वजन 130 किलोच्या आसपास आहे. माझ्यावर जी वेळ आली ती त्याच्यावर येऊ नये म्हणून त्याला येऊ नकोस असे सांगावे का?

उत्तर : सुरुवात तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून करते. भावाला ‘येऊ नकोस’ असे मुळीच सांगू नका, आणि तुम्हीही जा. तीन वर्षांपूर्वी बार बसला नाही, एवढ्यानेच तुम्ही इतक्या दुखावल्या असाल असे मला वाटत नाही. तो बसणार नाही हे तुम्हाला तासभर ताटकळल्यानंतर, भरल्या फलाटावर, दोन अनोळखी माणसे तुमच्या अंगावर रेटा देत असताना कळले, हे खरे दुखणे आहे. तीच माहिती रांगेत शिरण्याआधी, बाजूला, निवांतपणे मिळाली असती तर तुम्ही मुलांना दुसऱ्या राइडकडे नेले असते आणि तो दिवस तुमच्या लक्षातही राहिला नसता. अशी माहिती आधी मिळवता येते, आणि या उत्तराचा बराचसा भाग ती कशी मिळवावी याविषयी आहे.

त्याआधी तो बार नेमके काय करतो ते समजून घ्या, कारण ते कळले की त्या दिवशीच्या प्रसंगाकडे तुम्हाला वेगळ्या नजरेने पाहता येईल. कोस्टरचा डबा चढाच्या माथ्यावरून वेगाने खाली वळतो तेव्हा आपले शरीर मात्र आधीच्याच गतीने वर आणि पुढे जाऊ पाहते, आणि क्षणभर आपण आसनावरून उचलले जातो. कोस्टरचे शौकीन ज्याला ‘एअरटाइम’ म्हणतात आणि ज्यासाठी पुन्हा पुन्हा रांगेत उभे राहतात, तो हाच क्षण. त्या वेळी माणसाला डब्यात धरून ठेवण्याचे काम लॅप बारचे, म्हणजे मांडीवरच्या बारचे, असते. मांडी जिथे कमरेला मिळते त्या खाचेत तो बसला तरच त्याला हे काम नीट करता येते, कारण तिथे त्याला मांडीच्या आणि कमरेच्या हाडांचा आधार मिळतो. तोच बार पोटावर टेकला तर हाताला घट्ट लागतो खरा, पण पोट मऊ असते. जोर आला की ते दबते, बार आणि मांडी यांच्यामध्ये फट पडते आणि शरीर त्या फटीतून वर सरकू शकते. म्हणून प्रत्येक बारसाठी एक किमान बिंदू ठरवलेला असतो, आणि तिथपर्यंत तो खाली आल्याखेरीज राइड सोडायची नसते. अनेक नव्या राइड्समध्ये ही तपासणी सेन्सर करतात आणि एक जरी बार त्या बिंदूच्या वर राहिला तरी गाडी फलाटावरून हलत नाही. तिथे उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याच्या हातात सूट देण्यासारखे काहीच नसते.

आता या सगळ्यात वजनाचा आकडा कुठे आला? फारसा कुठेच नाही. बारला फक्त आकार कळतो: पोट किती पुढे येते, मांड्या किती जाड आहेत, छाती किती रुंद आहे, धड किती लांब आहे. एकाच वजनाच्या दोन व्यक्तींपैकी जिचे वजन नितंबांवर आणि मांड्यांवर आहे तिला खांद्यांवरून येणारा हार्नेस सहज बसतो, आणि जिचे पोटावर आहे तिला तो बसत नाही. दुसऱ्या एखाद्या राइडवर हे अगदी उलट होते. डिस्नेच्या शांघाय येथील पार्कमध्ये 2016 मध्ये आणि फ्लोरिडातील मॅजिक किंगडममध्ये 2023 मध्ये सुरू झालेल्या एका कोस्टरवर मोटरसायकलवर बसल्यासारखे पुढे झुकून बसावे लागते आणि एक अडसर पोटऱ्यांच्या मागून येऊन लागतो. तिथे पोट आडवे येत नाही, पोटऱ्या येतात, आणि अंगावर चरबीचा लवलेश नसलेल्या खेळाडूंनाही त्या आसनावर अडचण होते. त्यांच्यासाठी तिथल्या काही गाड्यांना साध्या आसनांचा वेगळा डबा जोडलेला असतो. आसनांचे माप ठरवताना कोणीतरी कुठेतरी रेघ ओढलेली असते, आणि त्या रेघेच्या पलीकडे राहणारी माणसे फक्त जाडच असतात असे नाही.

तुमच्या बाबतीत सांगायचे तर 84 किलो वजनाच्या बहुतेक प्रौढ व्यक्तींना बहुतेक राइड्सचे बार आणि हार्नेस बसतात. तुमची उंची आणि बांधा मला माहीत नाही, त्यामुळे प्रत्येक राइडची हमी मी देणार नाही, पण तुमची शक्यता चांगली आहे. जिथे अडचण येऊ शकते ती आसने ओळखता आली तर उरलेल्या भीतीला फारशी जागा राहणार नाही. खोलगट, दोन्ही बाजूंनी उंच कडा असलेले आसन नितंबांना आणि मांड्यांना आवळते. सरळ बाकासारखे आसन मोकळे असते. उलटे फिरवणाऱ्या राइड्सवर बहुधा खांद्यांवरून हार्नेस येतो. कॅलिफोर्नियातील नॉट्स बेरी फार्ममध्ये 1975 मध्ये आलेल्या ‘कॉर्कस्क्रू’पासून ही पद्धत रुळली, आणि तिथे छातीचे व पोटाचे माप महत्त्वाचे ठरते. काही राइड्सवर बार सहज बसतो, पण त्यासोबतचा सीटबेल्ट आखूड असतो. अमेरिकेतील सीडर पॉइंट पार्कमधील ‘मिलेनियम फोर्स’ ही सुमारे 94 मीटर उंचीची कोस्टर 2000 सालापासून चालू आहे, आणि जाड माणसांना तिथे बारपेक्षा बेल्टची धास्ती जास्त असते. म्हणून चौकशी करताना ‘बार बसेल का’ एवढेच विचारू नका, बेल्ट आहे का आणि तो किती लांब आहे, हेही विचारा.

चौकशी घरूनच सुरू करा. बऱ्याच मोठ्या पार्कांच्या संकेतस्थळावर पाहुण्यांच्या सुरक्षिततेविषयी किंवा शारीरिक गरजांविषयी एक पुस्तिका असते, आणि तिच्यात प्रत्येक राइडसाठी उंचीची मर्यादा, आसनाचा प्रकार आणि काही ठिकाणी कमरेचे किंवा छातीचे मापही दिलेले असते. असे माप दिलेले असेल तर टेप घेऊन बसलेल्या स्थितीत मोजा, कारण बसल्यावर पोटाचा घेर उभ्यापेक्षा वाढतो आणि राइडवर आपण बसलेलेच असतो. पुस्तिकेत काही मिळाले नाही तर पार्कला ईमेल पाठवा किंवा फोन करा. ‘जाड माणसांना चालते का’ असा मोघम प्रश्न विचारू नका; अमुक राइडला टेस्ट सीट, म्हणजे आधी बसून पाहण्याचे आसन, आहे का, ती कुठे ठेवली आहे, मोठ्या बांध्याच्या व्यक्तींसाठी वेगळ्या रांगा किंवा वेगळी आसने आहेत का, असे नेमके विचारा. नेमक्या प्रश्नाला नेमके उत्तर मिळते, आणि विचारताना संकोचही कमी वाटतो.

टेस्ट सीट म्हणजे राइडच्या आसनाची हुबेहूब प्रत. ती बहुधा रांगेच्या तोंडाशी बाहेर ठेवलेली असते आणि तिला खऱ्या राइडसारखाच बार, बेल्ट किंवा हार्नेस असतो. सकाळी पार्क उघडल्याबरोबर, गर्दी होण्याआधी, थेट तिथे जा. बसताना आसनाच्या पुढच्या कडेवर टेकून मागे घसरत जाऊ नका; उभ्यानेच पाठ मागे लावत खाली बसा, मग दोन्ही हातांनी आसनाच्या कडा धरून नितंब अगदी मागच्या कोपऱ्यापर्यंत सारा. खालच्या पाठीमागे हात जाईल इतकी फट राहिली असेल तर तुम्ही अजून पुरेशा मागे बसलेल्या नाहीत, आणि त्या चार बोटांच्या फटीमुळे पोट तेवढेच पुढे येते. पाठ ताठ करा, खांदे मागे घ्या, पाय जमिनीवर सपाट ठेवा. बेल्ट असेल तर तो बार ओढण्याआधी लावा. त्याचा पट्टा पोटावरून नेऊ नका. एका हाताने पोट किंचित वर उचलून पट्टा त्याच्या खालून, मांड्यांच्या मुळाशी न्या. मग श्वास सोडत बार स्वतःच्या हाताने खाली ओढा. दात्यांची यंत्रणा असलेला बार टकटक आवाज करत टप्प्याटप्प्याने खाली येतो. हायड्रॉलिक बार आवाज न करता कुठेही थांबू शकतो. काही टेस्ट सीटवर बार पुरेसा खाली आला की हिरवा दिवा लागतो. दिवा नसेल तर जवळच्या कर्मचाऱ्याला पाहायला सांगा. बार लागल्यावर एकदा पूर्ण श्वास भरून पाहा. श्वास घेता येत नसेल, तर बार बसत असला तरी ती राइड तुमच्यासाठी नाही, कारण पुढची दोनतीन मिनिटे तुम्ही त्याच स्थितीत असणार आहात.

या छोट्याशा तालमीचा तुम्हाला दुहेरी उपयोग होईल. बार बसला तर फलाटावर जाताना मनात धाकधूक राहणार नाही. बसला नाही तर ते फक्त तुम्हाला आणि तुमच्या माणसांना कळेल, आणि तुम्ही तिथूनच दुसरीकडे वळाल.

फलाटावर पोहोचल्यावर कर्मचाऱ्याला आधीच आणि सरळ सांगा: “मला जास्त जागा असलेले आसन हवे आहे, कोणत्या रांगेत बसू?” हा प्रश्न त्यांना नवा नसतो. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कमध्ये 2010 मध्ये सुरू झालेल्या एका गाजलेल्या राइडवर मोठ्या बांध्याच्या व्यक्तींना हार्नेस बसेना, तेव्हा बाकाच्या दोन्ही टोकांची आसने बदलून घेण्यात आली आणि बाहेर टेस्ट सीट ठेवण्यात आली. स्वित्झर्लंडच्या ‘बोलिगर अँड माबिलार्ड’ या कंपनीच्या काही कोस्टर्सवर ठरावीक रांगांमध्ये हार्नेसला एकाऐवजी दोन बेल्ट असतात, ते याचसाठी. रांग वाटून देणाऱ्या कर्मचाऱ्याला हे माहीत असते, पण तुम्ही विचारल्याशिवाय तो आपणहून बहुधा सांगत नाही, कारण कोणाच्या अंगकाठीविषयी बोलणे त्यालाही अवघड वाटते. दुसरे असे, की खिसे पूर्ण रिकामे करा आणि जाड जॅकेट किंवा कमरेला बांधलेला स्वेटर काढून ठेवा. फोन आणि पाकीट यांनी अडवलेली बोटभर जागा कधीकधी निर्णायक ठरते.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. बार ठरलेल्या बिंदूपर्यंत येत नसेल तर त्याला बळेच आणू नका आणि कोणाला आणू देऊ नका. श्वास सोडून, नीट मागे बसून, एकदा हलक्या हाताने दाबून पाहावे. एवढ्याने जमले नाही तर आपणच “राहू द्या, मी उतरते” असे म्हणावे. मार्च 2022 मध्ये ऑर्लँडो येथील एका उंच मनोऱ्यावरून खाली सोडणाऱ्या राइडवरून 14 वर्षांचा एक मुलगा पडून मृत्युमुखी पडला. त्याचे वजन राइड बनवणाऱ्या कंपनीने घातलेल्या मर्यादेपेक्षा बरेच जास्त होते. नंतरच्या तपासात आढळले की त्या आसनाचा सेन्सर हाताने सरकवून ठेवण्यात आला होता, त्यामुळे हार्नेस आणि आसन यांच्यातील अंतर नेहमीपेक्षा खूप जास्त असतानाही तो नीट बसल्याचा दिवा लागला. त्या राइडला वेगळे सीटबेल्टही नव्हते. त्या मुलाला ‘तू इथे बसत नाहीस’ असे कोणी सांगितले असते तर तो थोडा वेळ खट्टू झाला असता आणि घरी परतला असता. मोठ्या बांध्याच्या व्यक्तीला नकार देणे म्हणजे तिचा अपमान करणे, असे मानून जिथे सूट दिली जाते, तिथे तिच्या जिवाशी खेळ होतो. नकार कसा दिला जातो यावर मी रागावेन, पार्कांना पत्र लिहीन, कर्मचाऱ्यांना नीट शिकवा असे सांगेन. नकार का दिला जातो यावर मात्र नाही.

म्हणूनच तुमच्या वेळी दोन माणसांनी मिळून बार दाबला, ते मला अजिबात आवडलेले नाही. अंग दुखावणारे आणि मन दुखावणारे तर ते होतेच, शिवाय त्यांनी तो कसाबसा बसवला असता तर तो तुमच्या पोटावर बसला असता. त्या दिवशी तुम्ही उतरलात हे बरेच झाले.

बार आणि हार्नेस यांच्या बाहेरही पार्कमध्ये खूप काही असते, आणि त्या बाबतीत दोन गोष्टी सहसा कोणी सांगत नाही. पहिली, दोघांना मिळून एकच बार असलेल्या जुन्या धाटणीच्या राइड्सविषयी. तिथे बार दोघांपैकी मोठ्या व्यक्तीच्या अंगाला टेकून थांबतो आणि शेजारच्या सडपातळ व्यक्तीच्या मांडीवर चांगली वीतभर फट राहते. मुलीला भावाशेजारी अशा बाकावर बसवू नका. तिच्या अंगलटीच्या कोणाशेजारी बसवा, किंवा दोघांना वेगळे बार असलेली राइड निवडा. दुसरी, गोल फिरणाऱ्या राइड्सविषयी. फिरताना सगळे जण बाहेरच्या बाजूला रेटले जातात, म्हणून मोठ्या व्यक्तीने बाहेरच्या कडेला आणि लहान व्यक्तीने आत बसावे. उलटे बसले तर लहान मूल बाहेरची कडा आणि मोठी व्यक्ती यांच्यामध्ये चेपले जाते. बऱ्याच राइड्सवर तशी पाटी असते, पण गडबडीत ती वाचली जात नाही.

पाण्याच्या घसरगुंड्यांची गोष्ट मात्र निराळी आहे. तिथे आकारापेक्षा खरोखरच वजन पाहिले जाते, कारण वजन वाढले की तराफा जास्त वेग घेतो आणि वळणावर नको तितका वर चढतो. मर्यादा किलोंमध्ये लिहिलेली असते आणि अनेकदा ती तराफ्यातील सर्वांची मिळून असते. काही ठिकाणी वर चढण्याआधी काट्यावर उभे करतात. काट्यावर आकडा सर्वांना दिसतो की फक्त लाल किंवा हिरवा दिवा लागतो, हे खालच्या कर्मचाऱ्याला आधीच विचारा. पाच मजले चढून गेल्यावर कळण्यापेक्षा ते बरे. आकाशपाळणा, बोटीची सफर, झुकझुकगाडी यांना सहसा काहीच अडचण नसते. अमेरिकेतील एएसटीएम या संस्थेच्या एफ2291 मानकात, राइड शरीरावर किती आणि कोणत्या दिशेने जोर देते त्यानुसार, माणसाला धरून ठेवणाऱ्या साधनांचे पाच वर्ग केलेले आहेत. सौम्य राइडला कसलीच पकड लागत नाही आणि सर्वांत उग्र राइडला कडक कुलूपबंद पकड लागते. पार्कमध्ये फिरताना आसनाकडे नजर टाकली की ती राइड कोणत्या जातीची आहे याचा अंदाज येऊ लागतो.

आता तुमच्या बदललेल्या शरीराविषयी. सैल कातडी बारखाली चिमटली जाऊ शकते, ही तुमची शंका रास्त आहे. मांड्यांच्या मध्यापर्यंत येणारी, अंगाला घट्ट बसणारी, ताणली जाणारी शॉर्ट्स आत घाला. तिचा कमरेचा पट्टा नाभीपर्यंत वर येणारा असावा, म्हणजे पोटावरची घडी आत व्यवस्थित राहते. बार ओढण्याआधी घडी हाताने सपाट करून घ्या आणि बार कातडीवर नव्हे तर कापडावर टेकतो आहे ना, ते बोटाने चाचपून पाहा. घडीच्या आत घामाने लाली किंवा पुरळ आले असेल तर त्या दिवशी उग्र राइड टाळा. आणखी एक बदल तुम्हाला चकित करेल. पूर्वी नितंबांवर आणि कमरेवर जी गादी होती ती आता कमी झाली आहे, त्यामुळे लाकडी कोस्टरचे धक्के माकडहाडाला आणि कमरेच्या हाडांना थेट लागतील. अशा कोस्टरवर बसायचेच असेल तर गाडीच्या मधल्या डब्यात बसा. शेवटच्या डब्यात हिसके जास्त बसतात.

रक्तदाबाच्या गोळीकडे मात्र दुर्लक्ष करू नका. वजन घटल्यावर अनेकांचा रक्तदाब खाली येतो, आणि जुन्या वजनाला ठरवलेली मात्रा नव्या शरीराला जास्त होऊ शकते. मग पटकन उठल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि राइडवरून उतरणे म्हणजे पटकन उठणेच असते. पार्कला जाण्याआधी डॉक्टरांना भेटा, मात्रा तपासून घ्या आणि उग्र राइड्स चालतील का ते स्पष्ट विचारा. तुमचे आठवड्याचे इंजेक्शन भूक कमी करणाऱ्या नव्या औषधांपैकी असेल, तर त्याने पोट रिकामे व्हायला वेळ लागतो आणि मळमळही होते. त्यात गोल फिरणारी राइड घेतली तर त्रास दुप्पट. मात्रा नुकतीच वाढवलेली असेल त्या आठवड्यात जाऊ नका, राइडच्या आधी पोटभर जेवू नका, पण उपाशीही राहू नका, आणि दिवसभर घोट घोट पाणी पीत राहा. ज्या वाचकांचे वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले आहे त्यांनी शल्यचिकित्सकाच्या परवानगीशिवाय पोटावर दाब देणाऱ्या कोणत्याही राइडवर बसू नये, मग जखम वरून कितीही भरलेली दिसो.

शरीर बदलले तरी मनातले माप बदलायला वेळ लागतो, आणि तुमच्या पत्रातल्या भीतीचे मूळ मला तिथे दिसते. 37 किलो घटले तरी अनेक जण दारातून तिरपे जातात, खुर्चीत बसण्याआधी तिचे हात चाचपतात, दुकानात आपल्याला सैल होणारे कपडे उचलतात. वर्षानुवर्षे जागा मोजत जगलेल्या माणसाची ती सवय असते, आणि ती समजावून जात नाही. पुन्हा पुन्हा प्रत्यक्ष अनुभव आल्यावर जाते. म्हणून ज्या राइडवरून उतरावे लागले तिच्यासारखीच राइड पहिली निवडू नका. आधी आकाशपाळण्यात बसा, मग फक्त मांडीवरचा बार असलेली साधी कोस्टर घ्या, मग टेस्ट सीटवर बसून मोठीचा विचार करा. मधेच नको वाटले तर रांगेतून बाहेर पडा. बहुतेक रांगांना फलाटावरून सरळ पलीकडे उतरण्याची वाट असते.

एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते. वजन कमी झाले म्हणून तुम्हाला आता मौज करण्याचा हक्क मिळाला, असा सूर तुमच्या पत्रात कुठे कुठे डोकावतो. तो हक्क 121 किलोच्या बाईलाही होता. त्या वर्षांत तुम्ही ज्या पार्कांत गेला नाहीत तिथे तुम्हाला बसता येतील अशा राइड्स होत्या. त्या कोणत्या हे कोणी तुम्हाला सांगितले नाही, हे त्या पार्कांचे अपयश होते. हे तुमच्या भावासाठी आज महत्त्वाचे आहे, कारण तो 130 किलोचा असतानाच तुमच्यासोबत येणार आहे.

त्याच्याशी बोलताना आडवळणाने जाऊ नका. तुम्हाला काय अनुभव आला ते त्याला माहीत नसेल तर सांगा, पार्कची पुस्तिका त्याच्या हातात द्या आणि कोणत्या राइड्स घ्यायच्या ते त्याला ठरवू द्या. उंच असल्यामुळे त्याची एक वेगळीही अडचण असू शकते: काही राइड्सना उंचीची वरची मर्यादा असते, साधारण 195 ते 200 सेंटिमीटरच्या आसपास, आणि लांब पायांचे गुडघे पुढच्या कडेवर आदळू शकतात. तो टेस्ट सीटवर बसत असताना तुम्ही आणि मुलगी थोड्या अंतरावर राहा, त्याने बोलावले तर जवळ जा. एखादी राइड त्याला घेता येणार नाही असे ठरले तर तुमच्यापैकी कोणीही ‘मग आपण कोणीच नको बसायला’ असे म्हणू नये. त्या वाक्याने तो सगळ्यांच्या आनंदाच्या आड आल्यासारखे त्याला वाटेल. तुम्ही दोघींनी बसावे, त्याने बाहेर थांबावे किंवा तोवर दुसरी राइड घ्यावी, आणि पुढची राइड त्याने निवडलेली असावी.

मुलीलाही निघण्याआधी हे सगळे साध्या शब्दांत सांगा. 11 वर्षांच्या मुलीला ते नीट कळते. तिची स्वतःची उंचीही आधी भिंतीला लावून मोजा, कारण बऱ्याच मोठ्या कोस्टर्सना किमान 132 किंवा 140 सेंटिमीटर उंची लागते, आणि तिथे कदाचित नकार तिलाच मिळेल. तसे झाले तर आई, मामा आणि ती अशा तिघांच्याही याद्या वेगवेगळ्या असतील. तिघांनाही बसता येतील अशा राइड्स आदल्या रात्री एका कागदावर काढा आणि सकाळची सुरुवात त्यांतल्याच एखाद्या राइडने करा.